कप्तानाला टेकडीवर आणायचं की नाही

न्यूझीलंडहून परत आल्यापासून साखरप्यात भेटेल तो मला मेंढ्यांबद्दल विचारतो. मेंढ्या आहेत. लांबून पांढऱ्या दिसतात, जवळून मळकट. थंडी आहे, पण आंबा घाटाखालच्या पावसाळ्यापेक्षा वाईट नाही. लेकीचं घर मोठं आहे आणि ते तिचं तिलाच पुसावं लागतं. एवढ्यात सगळ्यांचं समाधान व्हावं. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. मी तिथे एका दुकानदाराला भेटून आले. तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मेलेला होता, आणि त्याचं काय करायचं हे त्याच्या घरच्यांचं अजून ठरलेलं नव्हतं.

मी स्वतः दुकानदार. शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन साखरप्यात आले आणि किराणा दुकानाच्या गादीवर बसले ती नवरा गेल्यावरही उठले नाही. आता मुलगा बसतो आणि फोनवर बोलत बोलत माल तोलतो. तेव्हा माझ्या लिहिण्यात नक्षी सापडणार नाही. जे पाहिलं ते लिहिते.

मनुरेवा

माझी लेक वैशाली ऑकलंडच्या दक्षिणेला मनुरेवा नावाच्या उपनगरात राहते. ती फार्मासिस्ट आहे. जावई पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सकाळी दोघं गेले की घरात मी आणि घड्याळ. म्हणून मी मागच्या अंगणात मेथी पेरली, आणि मेथीमुळे हेनी भेटली.

हेनी म्हणजे कुंपणापलीकडची माओरी बाई. सत्तरीच्या जराशी अलीकडे, अंगाने दणकट, पायात बारा महिने रबरी चपला. तिथे त्यांना जँडल म्हणतात. तिनेही पेनरोजला पॅकिंगच्या कामात उमेदीची वर्षं काढली होती. वैशाली मला आई म्हणते ते ऐकून तीही मला आईच म्हणायला लागली. मी काही हरकत घेतली नाही. माझं इंग्रजी मोडकंतोडकं. आमचं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं आणि अडलं की संध्याकाळी वैशाली सोडवायची. म्हणून पुढे हेनीचं बोलणं माझ्या मराठीत आहे, पण त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

एके दिवशी ती कुंपणाशी आली ती हसत नव्हती. वैशालीची सुट्टी होती, तिला हाक मारून घेतली.

"आमचा कप्तान समुद्रात चाललाय," हेनी म्हणाली.

हा कप्तान म्हणजे तिचा खापरपणजोबा. ब्रिटिशांच्या आरमारातला अधिकारी. आरमाराचं जहाज डोलकाठीची लाकडं न्यायला उत्तरेकडच्या एका खाडीत आलं होतं, कारण तिथली कौरीची झाडं बाणासारखी सरळ. या माणसाला खाडी आवडली आणि धंद्याची वाट दिसली. विलायतेला परत गेल्यावर लढाया संपलेल्या, हाताला काम नाही, पगार अर्धा. त्याने आरमार सोडलं आणि घोंगड्या, कुऱ्हाडी, लोखंडी भांडी आणि बंदुका घेऊन एकटा परत आला. बदल्यात अंबाडीसारख्या एका झाडाचा वाख घ्यायचा, बटाटे घ्यायचे, लाकूड घ्यायचं. माओरींच्या सरदाराने त्याला किनाऱ्यावर जागा दिली आणि आपली पुतणी रिपेका दिली. आपल्याकडे गावाला आपला एक वाणी असावा असं वाटतं, तसं तेव्हा तिथल्या जमातींना आपला एक गोरा दुकानदार असावा असं वाटायचं. हा माणूस तिथेच राहिला, मेला, आणि त्याला दुकानाशेजारीच पुरलं.

"आता किनारा ढासळतोय," हेनी म्हणाली. "थडग्याच्या कुंपणाचा एक खांब हवेत लोंबतोय. या हिवाळ्यात तो जाणार. शनिवारी सगळे जमणार आहेत, ठरवायला."

"मग ठरवा. उचला आणि वर न्या," मी म्हटलं.

"माझा भाऊ नको म्हणतो. रावीरी. तिथे त्याचाच शब्द चालतो." तिने कुंपणाची फळी दोन्ही हातांनी धरली. "माझ्या आईने जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, त्याला समुद्राला देऊ नकोस, टेकडीवर बायकोशेजारी ने. मी हो म्हटलंय."

हेनी तरुणपणी कामासाठी शहरात आली ती राहिलीच. मयतीला तेवढी गावी जायची. भावाचं म्हणणं, शहरात राहणाऱ्यांनी गावच्या हाडांबद्दल बोलू नये.

"एकटी गेले तर तोंड उघडू देणार नाही. पाहुणे घेऊन गेले तर निदान चहा पाजावा लागेल. येतेस?"

"येते," मी म्हटलं.

वैशाली मराठीत पुटपुटली, "आई, प्लीज. हा त्यांचा फॅमिली मॅटर आहे."

"असू दे ना. बोलावलंय तिने. आणि गाडी तू चालवणार आहेस."

उत्तरेकडे

रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडं. शहर संपायला फार वेळ लागतो, मग टेकड्या लागतात, हिरव्या, केस कापल्यासारख्या. एका डेअरीशी थांबलो. तिथे डेअरी म्हणजे दूध डेअरी नव्हे, कोपऱ्यावरचं दुकान. मी सवयीने आत जाऊन मांडणी बघितली. गोळ्या-चॉकलेटं पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवली होती. गल्ल्यावर गुजराती माणूस होता. त्याने मला हात जोडले, मी त्याला सांगितलं की पाव शिळा आहे. वैशाली बाहेर जाऊन उभी राहिली.

गाडीत हेनी आम्हाला तिथले नियम शिकवत होती. जेवायच्या टेबलावर बसायचं नाही. उशीवर बसायचं नाही, ती डोक्यासाठी असते. कुणाचे पाय ओलांडायचे नाहीत. घरात शिरताना चपला बाहेर.

"हे आम्हाला आमच्या आजीने शिकवलंय," मी म्हटलं. "पुढचं सांग."

एक नियम मात्र ती सांगायची राहिली. असं कुणी करेल हे तिच्या डोक्यातच आलं नसावं.

खाडीचं नाव मी लिहीत नाही. हेनी म्हणाली, लोक उगाच थडगी बघायला येतात. माझं माहेर जैतापूरच्या खाडीवरचं, त्यामुळे वळण घेतल्याबरोबर ओहोटीच्या चिखलाचा वास आला तो ओळखीचा वाटला. तिवरंसुद्धा होती, पण बुटकी. आमच्या तिवरांपुढे पोरं वाटतील.

मराए म्हणजे त्यांची जमायची जागा. पुढे मोकळं अंगण, मागे कोरीव खांबांचं मोठं घर. त्या घराला ते एक माणूसच समजतात, पूर्वज. पाहुण्याने सरळ आत जायचं नाही. फाटकाशी थांबायचं. मग घराच्या बाजूने एक बाई लांबलचक हाक घालते आणि पाहुण्यांतल्या बाईने तशीच हाक घालून उत्तर द्यायचं. आमच्या बाजूने हेनी. तिचा आवाज सुरुवातीला फाटला. मग चढला. त्या हाकेत ती मेलेल्यांना पण बोलावते, असं तिने नंतर सांगितलं. मला कळत नव्हतं, पण अंगावर काटा आला हे खरं.

मग नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून सगळ्यांना भेटायचं. रावीरी रांगेच्या टोकाला काठी घेऊन उभा होता. उंच म्हातारा, आयुष्यभर शाळेची बस चालवलेला. तो वैशालीला भेटायला खाली वाकला, आणि तेवढ्यात वैशाली म्हातारा माणूस दिसला म्हणून सवयीने त्याच्या पाया पडायला वाकली. तिचं डोकं त्याच्या हनुवटीवर आपटलं. ठक्‌ असा आवाज झाला.

"सॉरी, सॉरी! सो सॉरी!"

रावीरीने हनुवटी चोळली आणि हेनीकडे बघून काहीतरी म्हणाला. रांगेतले सगळे हसले.

"काय म्हणाला?" मी हेनीला विचारलं.

"म्हणाला, तू भांडायला माणसं आणलीस ती ठीक, पण आधी भाषणं तरी होऊ दे."

भाषणानंतर पाहुण्यांनी गाणं म्हणायचं असतं. आमच्यातलं कुणीच तोंड उघडेना. वैशाली एम.फार्म. आहे, पण तिला दोन ओळी आठवेनात. मग मी जात्यावरची एक ओवी म्हटली. माझा आवाज चांगला नाही, मोठा आहे. तो त्यांना चालला.

रात्रीच्या जेवणात डुकराचं मांस होतं, ते मी खाल्लं नाही. रताळी, भोपळा, तिसऱ्यांसारख्या शिंपल्या आणि तळलेला पाव, हे सगळं खाल्लं. शिंपल्यांत मसाला काहीच नाही, पण ताज्या होत्या. झोपायला त्याच कोरीव घरात ओळीने गाद्या. लग्नघरात झोपतात तसं. एक बाई घोरत होती. वैशाली म्हणते ती मीच.

किनाऱ्यावर

सकाळी सगळे कप्तान बघायला खाली जाणार होते. मी आदल्या संध्याकाळपासून एका गोष्टीचा विचार करत होते. बहीण म्हणते हलवा, भाऊ म्हणतो हलवू नका. आणि ज्याला हलवायचं त्याला कुणी विचारलं का? आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात ती कशासाठी? मेलेल्याचं काही राहिलंय का हे कळायला. मी स्वयंपाकघरातून भात मागून घेतला, दही घेतलं, कालवलं आणि डब्यात भरलं. तिथल्या बायकांना वाटलं म्हातारीचं पोट बिघडलंय.

कप्तानाची जागा वाईट अवस्थेत होती. दुकानाचा नुसता दगडी चौथरा उरलेला, त्याचाही अर्धा खाली पडलेला. थडग्याचं लाकडी कुंपण एका कोपऱ्यात खरंच हवेत लोंबत होतं आणि खाली ताजी पिवळी माती दिसत होती. लोकांनी प्रार्थना केली. मग ते कडेने फिरून भेग कुठवर गेलीय ते बघायला लागले. मी डबा उघडला, दगडावर हातरुमाल पसरला, त्यावर दहीभात ठेवला आणि मागे सरून उभी राहिले. मनात म्हटलं, कप्तान, काय ते सांग.

त्या भागात कावळा नाही. आला तो लाल चोचीचा सीगल. त्याने सगळा भात खाल्ला आणि रुमाल ओढायला लागला.

"आई!" वैशाली धावत आली. "तू काय केलंस?"

"विचारलं त्याला."

"कुणाला?"

"ज्याला हलवायचंय त्याला."

पण तोवर रावीरीने पाहिलं होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हेनीशी हळू आवाजात बोलला आणि हेनीचा चेहरा उतरला. तिने खाली बसून दगडावरची शितं एकेक वेचली. मग एकाने प्रार्थना म्हणत तिथे पाणी शिंपडलं.

त्यांच्यात मेलेल्याच्या जागी अन्न नेतच नाहीत. अन्नाने त्या जागेचं सोवळं मोडतं. म्हणजे आपण मान म्हणून जे करतो तोच त्यांच्यात अपमान. थडग्यापासून निघताना हातसुद्धा धुतात, ते मात्र आपल्यासारखं.

मी रावीरीसमोर जाऊन उभी राहिले. वैशालीला म्हटलं, "सांग, चूक माझी. हेनीला माहीत नव्हतं. आमच्यात असं करतात."

"का करतात?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. पक्षी शिवला तर माणसाची काही इच्छा उरलेली नाही. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. मग घरचे शब्द देतात, मुलीचं लग्न करू, भावाला सांभाळू, आणि शब्द बरोबर लागला की कावळा येतो.

रावीरीने काठीवर दोन्ही हात ठेवले. "आमचा पक्षी किती वेळाने आला?"

"मी भात ठेवायच्या आधीपासूनच त्याचा डोळा होता."

"सगळं खाल्लं?"

"रुमालही खाणार होता."

तो इतका मोठ्याने हसला की वर चढणारे लोक थांबले. "हेनी! तुझी पाहुणी माझ्या बाजूने आहे. कप्तानाची काही इच्छा नाही. त्याला इथेच बरं वाटतंय!"

सगळे हसले. हेनी हसली नाही.

दुपारी ती मोरीत भांडी आपटत होती. मी पुसायला उभी राहिले.

"रागावलीस?"

"भात ठेवलास त्याचा राग नाही," ती म्हणाली. "त्या पक्ष्याने खाल्ला त्याचा आहे."

घरातली बैठक

दुपारनंतर सगळे कोरीव घरात गाद्यांवर बसले. ज्याला बोलायचं त्याने उभं राहायचं. बाहेरच्या अंगणात भाषणं पुरुष करतात, पण आत बायकाही बोलतात.

हेनी आधी उठली. आईने हात धरून काय सांगितलं ते तिने सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही त्याला कधी आपला मानला नाही. गोरा म्हणून खाली ठेवला. त्याची बायको वर, तो खाली. त्याचं रक्त आपल्या सगळ्यांच्यात आहे. आता तरी त्याला वर घ्या."

काही माना हलल्या. मला वाटलं, जिंकते.

मग रावीरी उठला. सकाळचं हसू कुठेच नव्हतं. "आईला कप्तान आवडायचा," तो म्हणाला. "तिला त्याचे निळे डोळे मिळाले होते. म्हणून तिने तुला अर्धंच सांगितलं."

उरलेलं अर्धं असं. कप्तानाने या किनाऱ्यावर आपल्या सासरच्यांना बंदुका विकल्या. मग होडीत बसून खाडीपलीकडे गेला आणि तिथल्या जमातीलाही विकल्या. त्याच मोसमात पलीकडचे चालून आले. रिपेकाचे दोघे भाऊ खालच्या वाळूत पडले. तिच्याच नवऱ्याने विकलेल्या गोळ्यांनी. रिपेकाने नवरा सोडला नाही. त्याची पोरं वाढवली, त्याचं दुकान झाडलं. तो मेला तेव्हा जमात त्याला टेकडीवर न्यायला तयार होती. नको म्हणाली ती रिपेका. म्हणाली, त्याला त्याच्या दुकानाशी पुरा. वर माझे भाऊ आहेत, मी त्यांच्याजवळ झोपणार.

हेनी खाली बसली. तिच्या हातात काही उरलं नाही हे तिला कळलं होतं. आईला दिलेला शब्द पाळायचा तर आईच्याही पणजीचा शब्द मोडायचा.

"मग राहू दे त्याला," मागून एकजण म्हणाला. "समुद्रातून आला, समुद्रात जाईल." दोघांतिघांनी हुंकार भरला.

रावीरी माझ्याकडे वळला. "हेनी म्हणते तुम्ही दुकान चालवता. तुमचं काय म्हणणं? तुमचा माणूस आहे."

मी उठले. वैशालीला म्हटलं, "मी बोलते तसंच्या तसं सांगायचं. साखर घालायची नाही."

"आई, जरा डिप्लोमॅटिकली बोल ना."

"ते मला येत नाही. सांग, मी त्याची बाजू घ्यायला उभी राहिलेली नाही. आमच्या गावात दोन तट पडले तेव्हा मीही दोन्हीकडच्यांना माल विकला. पण तो माल म्हणजे तेल आणि मीठ. ते आणि बंदूक एका तागडीत बसत नाहीत. सासरच्यांवर चालणार आहे हे कळत असून त्याने विकली. रिपेकाला राग आला तो बरोबर आला."

रावीरीने मान हलवली.

"पण रागात तिने काय केलं ते बघा. नवरा टाकला नाही. माझं माहेर अशाच खाडीवरचं. आमच्याकडे घराला पुढे ओटी असते आणि आत माजघर..."

वैशाली अडली. "ओटीला काय म्हणू? व्हरांडा?"

"म्हण. सांग, आमच्याकडे बाई रागावली की नवऱ्याचं अंथरूण ओटीवर टाकते. छप्पर तेच, ताट तेच. पण आत यायचं नाही. आणि तो रस्त्यावर गेला तर तिलाही चालत नाही. रिपेकाने त्याला ओटीवर ठेवलाय. टेकडीवरून दिसेल असा. आता समुद्र ओटी खातोय. त्याला तिच्या शेजारी नेलंत तर तिचा शब्द मोडलात. समुद्रात जाऊ दिलंत तर जी शिक्षा तिने दिली नव्हती ती तुम्ही दिलीत. मला विचारलंत तर वर दुसरी ओटी करा. आणि सीगलचं मनावर घेऊ नका. तो कावळा नव्हे. तो काहीही खातो."

वैशाली सांगत असताना मी लोकांचे चेहरे बघत होते. व्हरांड्यापाशी आली तेव्हा रावीरीने मान वळवून दाराकडे पाहिलं. त्यांच्या त्या घरालाही पुढे ओटी आहे. आमच्या चपला तिथेच होत्या.

ठरायला पुष्कळ वेळ लागला. माझ्या बोलण्याने ठरलं असं मी म्हणणार नाही. एका म्हाताऱ्याला कप्तान टेकडीवर अजिबातच नको होता. तो रिपेकाच्या भावांची नावं घेऊन रडला, आणि त्याला कुणी थांबवलं नाही. एका बाईने विचारलं, कुंपणाबाहेर म्हणजे किती बाहेर? मग जागेवरून वाद झाला. हेनी उठली ती शेवटी.

"शेजारी नको," ती म्हणाली. "मी चुकीचं मागत होते. पण समुद्राला द्यायचा नाही. कुंपणाच्या खाली, उतारावर. तिला हवा असेल तर दिसेल, नको असेल तर पाठ करता येईल."

रावीरी काठी टेकत तिच्याजवळ आला. मग म्हणाला, "त्याला वर नेताना हाक कोण घालणार? फाटकाशी घालतात ती हाक इथल्या बायकांना येते, पण मेलेल्याला न्यायची हाक येणाऱ्या आता उरल्या नाहीत. काल तुझी ऐकली. फाटकी आहे, पण खरी आहे. घालणार असशील तर थांब इथे. काम होईपर्यंत."

"माझं मनुरेवाला घर आहे."

"घर कुठे पळून जात नाही. कप्तान जाईल."

"थांबते," हेनी म्हणाली. भावाने तिच्या कपाळाला कपाळ लावलं. आणि मग सगळे एकदम जेवणाबद्दल बोलायला लागले.

टेकडीवर

रविवारी निघायच्या आधी हेनी मला टेकडीवर घेऊन गेली. वैशाली गाडीत सामान भरायला थांबली. तिने माझ्या पिशवीत काही खायला आहे का ते आधी तपासलं.

चढ सरळ आहे, माझे गुडघे कुरकुरले. वर पांढरं कुंपण, आत रिपेकाचा साधा दगड आणि तिच्या दोन्ही बाजूंना भाऊ. खाली सगळी खाडी उघडी. कप्तानाचा चौथरा तिथून अगदी बरोबर समोर दिसतो. त्या बाईला रोज सकाळी तो दिसत असणार.

हेनी दगडाशी बसली आणि तिच्या भाषेत बोलत राहिली. मध्ये एकदा आवाज चढला. मध्ये एकदा हसली. गावच्या मोठ्या बाईकडे जाऊन सून काहीतरी कबूल करून घेते तसं ते चाललं होतं. मी लांब उभी राहिले. मला त्यातलं ऐकायचं कारण नव्हतं.

मग ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि कुंपणाबाहेर येऊन उतारावरची जागा जँडलने चाचपायला लागली.

"काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, तो वर येतोय. कुंपणाच्या आत येणार नाही. तिने बोलावल्याशिवाय तोंड उघडणार नाही."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"आणि तिला नाही पटलं तर?"

हेनीने एका जागी टाच दाबून बघितली, मान हलवली, आणि दोन पावलं आणखी खाली सरकली.

"तर पुन्हा खणू," ती म्हणाली. "आमच्यात माणसं पुष्कळ आहेत, आई. आणि तिला काही घाई नाही."